पेटीतली जागा

१

दार कुरकुरलं की गिऱ्हाईक दाराला शिव्या देतं आणि दोष निघतो बिजागरीत, ही गोष्ट त्या धंद्यात पहिल्या वर्षीच कळते. बाजारात ज्याला सगळे बिजागरीशेठ म्हणायचे त्याचं नेमकं उलटं झालं होतं. त्याची बिजागरी न् बिजागरी तपासून झाली होती. रक्त झालं, हृदय झालं, डोक्याचा फोटोही काढून झाला. सगळं ठाकठीक. दार मात्र उघडत नव्हतं.

आजार म्हणावा तर नव्हता. तो नुसता दमलेला होता. झोपून उठला की झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेला. जेवताना दोन घासांच्या मध्ये हात ताटात विसरायचा. दुकानात गल्ल्यावर बसायचा तो कुणीतरी आणून ठेवलेल्या पोत्यासारखा. गिऱ्हाइकाशी बोलणं, माल मागवणं, कारागिरांना थोपवणं, सगळं बायकोच्या अंगावर येऊन पडलं होतं. पूर्वी हाच माणूस दोन खिळे घ्यायला आलेल्याला चार किस्से ऐकवून कडी-कोयंड्यासकट परत पाठवायचा. ते किस्सेही कुठेतरी गंजून पडले होते.

बायकोनं एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, अगदी सरळ आवाजात. "मी रागावलेली नाही बरं का. पण तुमच्या दमण्यानं आता मीच दमले. माझी ताई म्हणते तसं एकदा पंचकर्म करून घ्या. त्यानं उतार पडला तर उत्तमच. नाही पडला, तर मी ताईकडे राहायला जाईन म्हणते."

त्यानं मान हलवली. आत मात्र काहीतरी खाली पडलं. कारण दुकानदारीनं त्याला एक शिकवलं होतं. आरडाओरडा करून गेलेलं गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत परत येतं. 'बरं, बघतो' म्हणून हसून पायरी उतरणारं कधीच येत नाही. बायको आयुष्यभर त्याच्याशी कडाकडा भांडली होती आणि एकदाही कुठे गेली नव्हती. आज ती भांडत नव्हती.

२

वैद्यबाईंचं पंचकर्म केंद्र म्हणजे एक जुनी दुमजली इमारत. हिरव्या फरशीचा लांब बोळ, त्यावर घसरू नये म्हणून काथ्याच्या पट्ट्या, आणि भिंतींना पुरुषभर उंचीपर्यंत तेलकट तकाकी. सकाळी उपाशीपोटी औषधी तूप प्यायचं. ते घशाखाली उतरवताना माणसाला आपली सगळी पापं ओळीनं आठवतात. मग तेल. तेल लावायला एक मामा होता. कुणाचा मामा ते कुणाला माहीत नव्हतं. त्याचे तळवे गवंड्याच्या थापीसारखे सपाट होते आणि बोलण्यात तो अतिशय काटकसरी होता.

तेलानंतर वाफ. वाफेच्या दोन खोल्या शेजारी शेजारी होत्या, मध्ये नुसत्या प्लायवुडची भिंत. प्रत्येकीत एक लाकडी पेटी, उभ्या कपाटासारखी. आत बसायला एक फळी, फळीखाली वाफेची नळी. माणूस आत बसला की पुढची दोन्ही दारं लागायची आणि गळ्याभोवती दोन अर्धगोल फळ्या येऊन मिळायच्या. डोकं तेवढं वर, बाकी सगळा माणूस आत. वाफ डोक्याला चढू नये म्हणून टाळूवर ओलं फडकं आणि डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या, वरून पट्टी.

शेठनं पहिल्या दिवशी सवयीनं पेटी ठोकून पाहिली. सागवान होतं, सांधे नखभरही सुटलेले नव्हते, बिजागऱ्या पितळी आणि जड. कडी फक्त बाहेरून. एवढ्या दमणुकीतही त्याला बरं वाटलं. कारागीर जाणकार होता, असं तो म्हणाला. मामानं नुसती मान हलवली.

वैद्यबाईंनी नियम समजावून सांगितला. मामा दारावर टकटक करीपर्यंत उठायचं नाही, हलायचं नाही. "तुपानं साठलेलं सुटं होतं, वाफेनं पातळ होतं, आणि मग वाट मिळेल तिकडून बाहेर पडतं," त्या म्हणाल्या. "मध्येच दार उघडलं तर भलतंच बाहेर येतं." भलतंच म्हणजे काय, हे त्यानं विचारलं तेव्हा त्या शेजारच्या खोलीत पोचल्या होत्या.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. वाफेत बसल्यावर अंग कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळेनासं व्हायचं. त्याला ते आवडायला लागलं होतं. आणि मग एका सकाळी, असाच पेंगत बसलेला असताना, त्याच्या गुडघ्याला गुडघा लागला.

आता गुडघ्याला गुडघा लागण्यात नवल ते काय? माणसाला देवानं दोन दिलेत. पण त्यानं आपले दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून ठेवले होते. हा समोरून लागला.

३

मामानं बाहेर काढल्यावर त्यानं पंचा गुंडाळला आणि आधी पेटीत डोकं घातलं. फळी, नळी, ओलं लाकूड. फळीपासून दारापर्यंत वितीपेक्षा जास्त जागा नव्हती. तिथे लहान पोरसुद्धा उभं राहिलं नसतं. लाकूड फुगलं असेल, त्यानं स्वतःची समजूत घातली. वाफेनं दार आत आलं असेल. पण ते दार त्यानंच वाखाणलं होतं, आणि फुगलेलं लाकूड गुडघ्यासारखं मऊ नसतं, वाटीसारखं गोल नसतं, आणि लागल्यावर किंचित मागे होत नाही.

वैद्यबाईंना त्यानं दबकत सांगितलं. त्या हसल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. तेल मुरलेली कातडी फसवते, पाय बधिर झाले की स्वतःचेच पाय परके वाटतात, अशी फोड त्यांनी केली. ती त्याला पटली. पटवून घ्यावीच लागली, कारण घरी परत जायचं तर बरं होऊनच जायचं होतं.

त्याला तिथे एकच सोबती होता. शेजारच्या वाफेच्या खोलीत बसणारे एक निवृत्त मास्तर. मास्तरांना जुना खोकला होता आणि त्याहून जुनी कुरकुर. तूप कडू, फरशी गार, मामा मुका, सरकार बहिरं. खोकल्याची ढास संपली की ते दर वेळी बारीक आवाजात "आई गं" म्हणायचे, जणू आई प्लायवुडच्या पलीकडे उभी होती. शेठला ती कुरकुर ऐकून बरं वाटायचं. दमलेल्या माणसाला उत्साही माणसाचा फार जाच होतो, मास्तरांचा नव्हता.

मग मास्तरांचा शेवटचा दिवस आला. ते बोळातून आले ते काथ्याच्या पट्टीवर पाय न ठेवता, भरभर. छाती पुढे, गाल तुकतुकीत. शेठला त्यांनी नमस्कार केला तो सभेत करतात तसा. शेठनं थट्टेनं विचारलं की सरकार सुधारलं का. मास्तर मोकळं हसले, सरकारशी माझं काही भांडण नाही म्हणाले, आणि मुलाच्या गाडीत बसून निघून गेले. त्या हसण्यात शेठची ओळख कुठेही नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेठ पेटीत बसला. शेजारची खोली बंद होती. नवीन माणूस अजून यायचा होता. आणि प्लायवुडच्या पलीकडून ढास आली. जुनी, खोल, घरघरणारी. ती संपली. मग कुणीतरी बारीक आवाजात आईला हाक मारली.

बाहेर आल्यावर त्यानं मामाला विचारलं. मामा म्हणाला, नळीत पाणी अडकतं.

४

आता जे झालं ते दुकानदाराच्या हातूनच व्हायचं होतं. एखादा कारकून असता तर ओरडला असता, एखादा हवालदार असता तर लाथ घातली असती. पण ज्यानं उभा जन्म अरुंद दुकानात काढला, त्याच्या अंगातच एक वळण पडलेलं असतं. बाकावर दोघं बसलेत, तिसरा आला, की डोळे वर न करता सरकायचं. कोण आला, काय घेणार, ते मागाहून. आधी जागा.

त्या दिवशी गुडघे दोन होते. दाबत नव्हते, ढकलत नव्हते. भिडस्तपणे टेकले होते. बसच्या गर्दीत आपल्यासमोर उभ्या राहिलेल्या, 'बसू का' असं न विचारणाऱ्या माणसासारखे. शेठ अर्धवट झोपेत होता. डोळ्यांवर कापूस, टाळूवर गारवा, खाली ऊब. त्याचं अंग आपसूक सरकलं. फळीच्या एका टोकाला जाऊन त्यानं दुसरं टोक रिकामं केलं. ओठ हलले की नाही ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. पण मनात तरी तो नक्की म्हणाला, या, बसा.

फळी करकरली.

त्याच्या दंडाला दंड लागला. तेलानं निसरडा, वाफेनं ओला, आणि तापलेला. त्याच्या अंगासारखं ढिलं मांस नव्हतं ते. उठायची घाई असलेल्या माणसासारखं ते अंग ताठ आणि तयार होतं. शेठची झोप खाडकन उतरली. तो तसाच बसून राहिला, कारण नियमच तसा होता, आणि कारण पाय हलत नव्हते. त्यानं डोकं चालवायचा प्रयत्न केला. हा माझाच हात, बधिर झालेला. दुसरा हातही माझाच. मी मला लागतोय. असं मोजत, समजावत तो गळ्यापर्यंत आला आणि अडकला.

पेटीला भोक एकच होतं. त्यातून त्याचं डोकं बाहेर होतं.

मग शेजारच्यानं आपलं डोकं कुठे ठेवलं होतं?

५

त्यानंतर गोष्टी त्याला न विचारता व्हायला लागल्या. सकाळी तूप घ्यायला तो गेला तर वाटी रिकामी. मघाशीच घेतलंत की, तोंड वाकडं न करता, असं वाढणारी म्हणाली. अंगणात त्याच्या पायांचे ओले ठसे असायचे आणि तो तर खाटेवर पडलेला असायचा. औषधांनी विसराळूपणा येतो, असं तो स्वतःला सांगायचा. ते बरोबरही असेल. फक्त तो पूर्वीपेक्षा जास्त दमत होता. पाय उचलून ठेवण्याआधी त्याला पायाची मनधरणी करावी लागत होती.

भेटीच्या दिवशी बायको आली. तिनं केस नीट बांधले होते, आणि ती बोळाच्या टोकापासूनच हसत आली. बाकावर बसता बसता तिनं त्याच्या हातावर चापट मारली. अशी चापट तिनं किती दिवसांत मारली नव्हती.

"काल फोनवर केवढं हसवलंत हो. दुकानात मी एकटीच हसतेय, गिऱ्हाईक बघतंय माझ्याकडे."

त्याचा फोन आल्या दिवसापासून वैद्यबाईंच्या कपाटात होता. त्यानं हळूच विचारलं की आपण नक्की काय बोललो.

"तोच तो कुलूपवाला. चोर सगळं घर धुऊन घेऊन गेला आणि कुलूप तेवढं दारात ठेवून गेला, म्हणून कुलूप परत करायला आलेला. 'चोराला जे आवडलं नाही ते मी का ठेवू?'" ती पुन्हा हसायला लागली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो किस्सा त्यानं तिला रंगवून सांगितला होता. तो आपल्याला येतो, हेच तो विसरून गेला होता. डोळे पुसून ती म्हणाली, "ताईला कळवलं मी. म्हटलं, येत नाही. माझा माणूस परत आलाय."

तो फोन माझा नव्हता, हे वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. पण ती हसत होती. एवढ्या चांगल्या बातमीत खोट काढायला जे बळ लागतं ते त्याच्याजवळ नव्हतं. तो तिच्याबरोबर थोडा हसला. त्याचं हसणं तिला ऐकूही गेलं नसावं.

संध्याकाळी मात्र त्यानं मनाचा हिय्या केला आणि वैद्यबाईंना गाठलं. इथंच थांबवा, म्हणाला. शेवटची वाफ नको. आहे तसा घरी जातो.

वैद्यबाईंनी त्याची नाडी धरली, मग सोडली, मग पुन्हा धरून पाहिली, हाताला काही लागत नसल्यासारखी.

"आमच्याकडे शेवट वाफेनंच होतो," त्या म्हणाल्या, मायेनंच. "सुटलेलं अंगात ठेवून घरी जाऊ नये. फार हाल होतात."

कुणाचे, ते त्यानं विचारलं नाही.

६

शेवटच्या दिवशी बायको सकाळीच घ्यायला आली. बरोबर इस्त्रीचा निळा सदरा होता, नवा घेतलेला. वाफेच्या खोलीबाहेर बाकावर ती सदरा मांडीवर घेऊन बसली. मामा आत पेटी तापवत होता. शेठ पंच्यावर तिच्यासमोर उभा राहिला आणि इतके दिवस जे बोलायचं होतं ते एकदाचं बोलला.

"आज मी आत बसत नाही. असाच घरी नेशील?"

"असाच म्हणजे कसा?"

"दमलेला."

 सदऱ्याच्या कॉलरवर सुरकुती नव्हती, तरी ती तिथे अंगठा फिरवत राहिली. त्याला तिचा चेहरा दिसला. गेल्या वर्षभरात तो तिच्याकडे नीट बघायलाही दमलेला होता; आज त्यानं बघितलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. नखं खिळ्या-स्क्रूंच्या तेलानं कडेनं काळी पडली होती.

"शेवटचंच आहे ना?" ती अखेर म्हणाली. "बसा. मी इथंच आहे."

 तो आत गेला.

पेटीत त्याच्यासाठी जेमतेम जागा होती. फळीवर आधीच कुणीतरी नीट, मध्यभागी बसलं होतं. शेठ कडेला टेकला, अर्धा फळीवर, अर्धा अधांतरी. मामानं दारं लावली, फळ्या मिळवल्या, कापूस ठेवला, पट्टी बांधली. पण पट्टीची गाठ आपल्या डोक्यामागे बसली असं त्याला वाटलं नाही. ती जरा वर, जरा पलीकडे बसली. वाफ आली. ऊब आली. शेजारचं अंग हळूहळू त्याच्यापासून सुटं होत होतं, भिंतीवरून जुना कागद सुटतो तसं, आणि दुखत अजिबात नव्हतं.

टकटक झाली.

दारं उघडली. फळी हलकी झाली. "सावकाश हां," मामा कुणाला तरी म्हणाला. पंच्यानं अंग पुसल्याचा आवाज आला, रगडून, चांगलं खडखडीत. मग कोऱ्या कापडाची सळसळ. शेठ आपल्या पाळीची वाट बघत बसला.

डोळ्यांवरचा कापूस कधी घसरला ते त्याला कळलं नाही. तो बघत होता ते वरून नव्हे. खालून, फळीच्या उंचीवरून. दारात एक माणूस पाठमोरा उभा होता, बाह्यांची बटणं लावत. निळा सदरा, ओले केस, मानेवर एक तीळ. आपली मान कुणी कधी बघितलेली नसते. पण तो तीळ बायको किती वर्षं बोटानं टिपून दाखवायची, आणि त्याचा विश्वास बसायचा नाही.

तो माणूस बोळात गेला. त्याच्या पावलांचा आवाज भरभर होता.

बायको त्याच्यामागे निघाली आणि उंबऱ्यावर थांबली. वळली. तिनं उघड्या पेटीत बघितलं, थेट तो होता तिथेच. तिनं पदर नाकाला लावला.

"केवढं निघालंय हो हे अंगातून."

"वर्षाचं साठलेलं असतं, बाई," मामा म्हणाला. "तुम्ही निघा. मी धुऊन काढतो."

तरी ती क्षणभर उभी राहिली. घरातून निघताना काहीतरी राहिलंय असं वाटून माणूस मागे बघतो, तशी. शेठनं हाक मारायची ठरवली. हाक निघाली, गळ्यापर्यंत आलीही. पण इतकी दमलेली हाक त्यानं आयुष्यात बघितली नव्हती; ती तिथेच बसली, आणि तिला उठवायला त्याच्यात कुणी उरलं नव्हतं. बोळातून त्या माणसाचा आवाज आला, काहीतरी गमतीचा. बायको हसली. खरंखुरं हसली, पदर नाकावरून काढून, आणि गेली.

मामानं मोरीत बादली ठेवली आणि नळ सोडला.